भोईर नानांचं विधेयक

भोईर नाना चहासुद्धा ठरावाशिवाय पीत नसत. मानकोलीच्या ज्या गोदामात मी सहा वर्षं नोकरी केली, तिथे ते गेटवर होते. कोणी म्हटलं, "नाना, चहा मागवू या," की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "सूचक तू. अनुमोदक कोन?" मग ट्रक ड्रायव्हर, हमाल, स्कॅनिंगच्या मुली, जो कोणी जवळ असेल त्याने हात वर करायचा. नाना टेबलावर दोन बोटं वाजवायचे. "ठराव मंजूर. साखर कमी."

तरुणपणी ते एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आले होते. ती पाच वर्षं त्यांच्या अंगातून कधी गेलीच नाहीत. पुढे चार भावांची खाडीकडची भातशेती गोदामवाल्यांना द्यायची वेळ आली, तेव्हा घरातल्या घरात मतदान झालं. "तीनास एक," नाना सांगायचे. "एक म्हंजे मी. लोकशाही हाय, हरलो." जमीन देताना तोंडी ठरलं होतं की घरातल्या एकाला कायमची नोकरी मिळेल. तिन्ही भावांनी बंगले बांधले. नोकरी करायला कोणी तयार नव्हतं, ती नानांच्या वाट्याला आली. आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या गोदामाच्या गेटवर ते इस्त्रीचा खाकी शर्ट घालून बसू लागले.

मी भिवंडीतून शेअर रिक्षाने यायचे. वडिलांनी चार लूम भंगारात विकले त्या वर्षी मी बारावी झाले होते आणि मला कॉम्प्युटर येत होता, म्हणून इनवर्डला लागले. माल आला की खोक्यांची नोंद करायची, कोणत्या हमालाने किती खोकी स्कॅन केली ते बघायचं. माझं टेबल गेटच्या केबिनला लागून, मध्ये फक्त एक काच. त्यामुळे दिवसभर नाना दिसायचे आणि ऐकूही यायचे. मला ते 'बाय' म्हणत. गावात मुलींना म्हणतात तसं.

त्यांच्याकडे दोन पेनं असत. आत येणाऱ्यासाठी निळं, बाहेर जाणाऱ्यासाठी लाल. अक्षर असं की रजिस्टर उघडलं तर शाळेतल्या फळ्याची आठवण यावी. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सगळे मोबाइलवर क्रिकेट बघायचे. नाना पाण्याच्या जगला फोन टेकवून संसद बघायचे.

सुरुवातीला आम्ही हसायचो. पण बघता बघता आम्हालाही कळायला लागलं. विधेयक मांडायला परवानगी मागतात तेव्हा कोणी भांडत बसत नाही. "आथा फक्त पावने दारात आलेत," नाना सांगायचे. नंतर चर्चा, मग एकेक कलम घेऊन मतदान, दुरुस्त्या. आणि पहिलं कलम, ज्यात कायद्याचं नाव असतं, ते सगळ्यात शेवटी मंजूर करतात. हे त्यांना फार आवडायचं. "पोर जगलं-वाचलं तर नाव. आपल्यात पन बारसं मागूनच." मग दुसरं सभागृह. तिथे पुन्हा तेच. आमच्यातल्या एकीने विचारलं, एकदा झाल्यावर परत कशाला? नाना म्हणाले, "एकाने केलेली चूक दुसऱ्याला कायम करता यावी म्हनून."

असं कडू बोलायचे, पण त्यांचा विश्वास होता. तो कशावर होता हे सांगायचं तर रामदुलारेबद्दल सांगावं लागेल.

रामदुलारे ठेकेदाराचा हमाल होता. अबोल, उंच, सहा नंबरच्या रॅकवरचा माल उतरवायला नेहमी त्यालाच बोलवायचे, कारण त्याला शिडी कमी लागायची. एका दुपारी चारनंतर ते रॅक खाली आलं. त्याचे बोल्ट महिनाभर हलत होते आणि ते सगळ्यांना माहीत होतं. आवाज झाला, धूळ उडाली आणि ती खाली बसली तेव्हा रामदुलारेची फक्त चप्पल दिसत होती. पाच वाजता त्याचा मेहुणा बिरजू दुसऱ्या शिफ्टसाठी गेटवर आला. त्याला आत सोडायचं की नाही, हे कोणालाच कळेना.

त्याआधी, आवाज झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, मॅनेजर साहेब केबिनमध्ये आले होते. मी काचेच्या या बाजूला होते. ते हळू बोलत होते, पण नानांचा चेहरा मला दिसत होता. साहेबांनी रजिस्टरवर बोट ठेवलं. नानांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा रजिस्टरकडे बघितलं. मग लाल पेन उचलून रामदुलारेच्या नावापुढे वेळ लिहिली. तीन चाळीस. म्हणजे तो ड्युटी संपवून बाहेर गेला होता. म्हणजे नंतर स्वतःच्या मर्जीने, ट्रकच्या बाजूने, झोपायला म्हणून आत शिरला होता. त्याच्याशी कंपनीचा काही संबंध नव्हता. ठेकेदाराच्या यादीत तर त्याचं नावच निघालं नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर त्याचं शेवटचं खोकं चार वाजून सात मिनिटांनी स्कॅन झालेलं होतं. मला कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

बिरजू प्रेत घेऊन गावाला गेला आणि महिन्याभराने परत आला. बहीण आणि तिची दोन मुलं आता त्याच्यावर होती. त्याच गोदामात, त्याच ठेकेदाराकडे तो पुन्हा लागला. तो आला त्या दिवशी नानांनी चहाचा ठराव मांडला नाही. स्वतः उठून त्याच्यासाठी चहा आणला.

त्यानंतर काही महिन्यांनी गोदामांतल्या कामगारांच्या सुरक्षेचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. नानांनी ते भरल्या ट्रकच्या आवाजातही ऐकलं. त्या दिवसापासून ते माणूसच वेगळे झाले. विधेयक समितीकडे गेलं. जनतेने सूचना पाठवाव्यात अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. नानांनी ती कापून केबिनच्या काचेला, आतून, माझ्या बाजूने वाचता येईल अशी चिकटवली.

"बाय, टाइप करशील?"

त्यांनी अकरा पानं लिहून आणली होती. मी रोज सुट्टीत थोडी थोडी टाइप करत गेले, माझ्या एका मामेभावाने हिंदी केलं. मुद्दे दोनच होते. एक, गोदामाच्या छपराखाली जो कोणी काम करतो तो कामगार, मग त्याचा पगार कोणीही देवो. दुसरा, येण्याजाण्याची नोंद एका माणसाच्या हातात ठेवू नये. कारण तो माणूस नोकरदार असतो.

दुसऱ्या मुद्द्याखाली एक ओळ होती. "मी स्वतः गेटवर असताना एका मयत कामगाराची बाहेर जाण्याची खोटी वेळ लिहिली आहे."

मी थांबले. "नाना, ही ओळ राहू दे."

"का?"

"नोकरी जाईल. आणि पोलीस येतील."

"त्यांना कळायला नको, कसं होतं ते?"

"ओळीशिवाय पण कळतंय."

मी ती ओळ टाइप केली नाही. छापलेली पानं त्यांनी सावकाश वाचली, त्या जागी आले तेव्हा अंगठा कागदावर ठेवून थोडा वेळ बसले आणि सही करून पाकीट बंद केलं.

दिल्लीहून बोलावणं आलं. समितीपुढे साक्ष द्यायला. गोदामात कोणाचा विश्वास बसेना. नानांनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'घरगुती'. लेकीच्या लग्नातला कोट घातला, बायकोने भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली, आणि गेले. चार दिवसांनी परत येऊन पुन्हा रजिस्टर उघडून बसले. आम्ही सगळे काचेला चिकटलो. काय झालं? काय विचारलं?

"न्हाय सांगता येत. अहवाल पटलावर ठेवेपर्यंत समितीतलं बाहेर बोलायचं न्हाय."

आणि ते खरंच बोलले नाहीत. पाच महिने. त्यांच्या बायकोने एकदा फोनवर मला विचारलं, "काय गो, यांनी तिकडे काय केलं? मना पन सांगत न्हायत." बिरजूला मात्र ते एवढं सांगायचे, "हो रहा है. कानून आ रहा है." बिरजू दर शुक्रवारी, नमाजच्या सुट्टीत आम्हा मुसलमानांतले पुरुष मशिदीत गेले की, रिकाम्या झालेल्या बाकड्यावर येऊन बसायचा. "क्या हुआ नाना, कानून का?" नाना त्याला फोनवर दाखवायचे. हे सभागृह. हे अध्यक्ष. ही समोरची मंडळी विरोधातली. बिरजू डबा खाता खाता बघायचा. त्याला वाटायचं की त्या मोठ्या हिरव्या खोलीत जिजाजींच्या मरणाचं काहीतरी चाललंय.

मला एक गोष्ट माहीत होती. कायदा झाला तरी तो मागच्या मृत्यूला लागणार नव्हता. नानांनीच मला ते एकदा समजावलं होतं. बिरजूला त्यांनी ते सांगितलं नाही.

अहवाल आला. मी तो डाउनलोड करून दिला. नानांचा पहिला मुद्दा समितीने मान्य केला होता. 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत छपराखालचा प्रत्येक माणूस यावा, अशी शिफारस होती. शब्द जवळपास त्यांचेच होते. मागे साक्षीदारांची यादी होती. नाना बोट फिरवत खाली आले. 'श्री. भोईर, भिवानी.'

"भिवानी कुठे हाय?"

"हरियाणात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तरी भिवानीच. मला वाटलं, बरं झालं, कंपनीला कळणार नाही. नानांनी मात्र शुद्धिपत्रासाठी दोनदा पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. "एवढ्या वर्षांत एकदा भिवंडीचं नाव चांगल्या कामात आलं असतं," ते म्हणाले.

त्या आठवड्यात ते दिल्लीबद्दल बोलले. लांब टेबल, प्रत्येकापुढे माइक, बोलायच्या आधी बटण दाबायचं. अकरा पानांतलं दुसरं पान संपायच्या आत अध्यक्ष म्हणाले, संक्षेप में. एक बाई मराठी होत्या, त्या भाषांतर करून सांगत होत्या. एकाने विचारलं, आप कंपनी की तरफ से हैं या मजदूरों की तरफ से? नाना म्हणाले होते, "मी गेटवर असतो साहेब. मना दोन्हीकडचं दिसतं." सगळे हसले, असं ते सांगत होते आणि स्वतःही हसत होते.

सगळे पांगल्यावर मला काचेजवळ बोलावलं.

"बाय, त्या बाईंनी विचारलं, नोंदी खोट्या करतात हे तुम्हाला कसं माहीत?"

"मग?"

"तिथे खोटं बोललं तर सभागृहाचा अवमान होतो. म्हनून खोटं न्हाय बोललो. बोललो, आमच्या भागात काही लोक असं करतात." मग म्हणाले, "दिल्लीपर्यंत जाऊन मी तिसऱ्या पुरुषात बोललो."

नंतर थांबण्याचे दिवस आले. विधेयक रोजच्या कामकाजाच्या यादीत असायचं. सातवं, नववं, अकरावं. गोंधळ व्हायचा, सभागृह दुपारपर्यंत तहकूब, मग उद्यापर्यंत तहकूब. एका अधिवेशनात ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत आलं. नाना त्या दिवशी इस्त्रीचा नवा शर्ट घालून आले होते. त्या दिवशीही तहकूब झालं. मग निवडणुका जाहीर झाल्या आणि लोकसभा विसर्जित झाली.

"मग आता नवीन लोक आल्यावर पुढे घेतील ना?" मी विचारलं.

"न्हाय. व्यपगत जालं." हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. "राज्यसभेत जन्मलं असतं आणि तिथंच असतं तर जगलं असतं. ती कधी विसर्जित व्हत न्हाय. हे ज्या घरात जन्मलं, तेच घर मोडलं. आथा समिती, अहवाल, साक्षी, सगळं रद्दी."

शुक्रवारी बिरजूने विचारलं. नाना म्हणाले, "थोडा टाइम लगेगा."

नवी लोकसभा आली आणि वर्षभरात त्याच विषयाचं नवं विधेयक आलं. नाना ताजेतवाने झाले. मी त्याची प्रत छापून दिली तेव्हा गेटवर ट्रेलर येत होते. नाना उभ्याउभ्या वाचायला लागले. एक ट्रेलर आला, दुसरा आला, हॉर्न वाजायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी गाड्या थांबवून ठेवल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. मी बाहेर गेले. त्यांनी न बोलता पान माझ्यापुढे धरलं. व्याख्या होती. छपराखाली काम करणारा प्रत्येक जण, अगदी त्यांचे शब्द. आणि खाली एक परंतुक. परंतु, माल चढवण्या-उतरवण्यासाठी ठेकेदारामार्फत तात्पुरते लावलेले लोक या व्याख्येत येणार नाहीत.

"मग राहिलं कोण?" मी म्हटलं.

"तू आनि मी." त्यांनी गेट उघडलं.

या वेळी समिती नव्हती, जाहिरात नव्हती. मांडल्यापासून तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीतच, ते चर्चेला आलं. शुक्रवार होता. बाकड्यावर बिरजू होता, काचेच्या या बाजूला मी. सभागृहात फलक घेऊन लोक मधल्या जागेत उतरले होते, घोषणा चालल्या होत्या. मंत्री कागदावरून वाचत होते, ते ऐकूच येत नव्हतं. दोन सदस्य बोलले. विरोधातल्या एकाची दुरुस्ती होती, परंतुक काढून टाका. नाना फोनवर वाकले. आवाजी मतदान. नामंजूर. मग अध्यक्षांच्या जागेवर बसलेल्या गृहस्थांनी एका दमात म्हटलं, खंड दो से इकतालीस विधेयक का अंग बनें. हाँ वाले हाँ कहें. ना वाले ना कहें. हाँ की जीत हुई. चाळीस कलमं एका श्वासात गेली. शेवटी पहिलं कलम, नाव. विधेयक पारित.

माझ्या डब्यातली दुसरी चपाती अजून संपली नव्हती.

बाकं वाजत होती. बिरजूने ते बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "पास हो गया ना नाना? मेज बजा रहे हैं."

नानांनी फोन पालथा ठेवला.

"हो गया. लेकिन तेरे जीजा जैसे लोग उसमें नहीं हैं. और होते, तो भी पुराने केस को लागू नहीं होता. ये मुझे पहले से पता था."

बिरजूला नीट कळलं नाही. तो हसरा चेहरा तसाच ठेवून बघत राहिला.

"और एक बात," नाना म्हणाले. "तेरे जीजा का आउट टाइम मैंने लिखा था. वो अंदर मरा पड़ा था और मैंने लिखा, बाहर गया. मैनेजर बोला, मैंने लिखा. मेरे हाथ से."

बिरजूने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा काढून लावलं.

"हम समझे थे ऑफिस वालों ने कागज बनाया है," तो म्हणाला. "आप दिल्ली गए थे नाना."

"हां."

"थाना तो यहीं था. रिक्शे से दस मिनट."

नानांनी पालथा फोन बाजूला सरकवला.

"इतने साल हमको टीवी दिखाते रहे." तो उठला, गमछा खांद्यावर टाकला. आवाज चढला नव्हता. जाताना माझ्याकडेही एकदा बघितलं. काचेतून मला सगळं दिसतं हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. ठेकेदार म्हणाला, काल्हेरला दुसऱ्या गोदामात लागलाय.

नानांनी तीन दिवस संसद लावली नाही. चौथ्या दिवशी काचेवर टकटक केली.

"बाय, तुझ्या कॉम्प्युटरात त्याची शेवटची वेळ असंल ना?"

"नाना, आपण सिस्टिम बदलली. जुना डेटा दोन वर्षांनी पुसला जातो."

हे खरं होतं. ती दोन वर्षं तो डेटा तिथे होता, हेही खरं होतं. नानांनी मान हलवली. माझ्यावर त्यांनी एका शब्दानेही ठपका ठेवला नाही. ठेवला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

ते एकटेच पोलीस ठाण्यात गेले. या वेळी टाइप केलेलं काही नव्हतं. स्वतःच्या अक्षरात दोन पानं. तिथले साहेब सज्जन होते, नानांना खुर्ची दिली. म्हणाले, "नाना, आता कशाला? फाइल केव्हाच बंद झाली. तुमचं वय बघा." नाना म्हणाले, "अर्ज घ्यायचा का न्हाय, तेवढं सांगा." साहेबांनी अर्ज घेतला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. पुढे काही झालं नाही. चौकशीला कोणी आलं नाही. फक्त कंपनीला कळलं.

मॅनेजर साहेबांनी त्यांना वर बोलावलं. कायमची नोकरी म्हणजे किती काळाची, हे जमीन घेताना कुठेच लिहिलेलं नव्हतं. आठवड्याच्या शेवटी गेटवर एजन्सीचा नवा माणूस आला. नाना निघाले तेव्हा रजिस्टर त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "निळं आत, लाल बाहेर. आनि वेळ घड्याळात बघून लिव." तो मान हलवून मोबाइलमध्ये बघत राहिला. त्याला दोन पेनांचं काय, हे कळलं नव्हतं. नानांनी ती त्याच्यासाठी ठेवली होती, ती जाताना परत उचलून खिशात घातली.

विधेयक राज्यसभेत गेलं, तिथेही झालं, राष्ट्रपतींची सही झाली, राजपत्रात आलं. नानांनी मला फोन करून सांगितलं, आता पहिलं कलम वाच, नावाखालचं. मी वाचलं. केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून हा कायदा लागू होईल. ती तारीख अजून ठरलेली नाही. म्हणजे परंतुकासकट, नावासकट, तो कायदा आहे आणि नाही. मानकोलीच्या गोदामात सहा नंबरला नवं रॅक बसलंय. त्याचे बोल्ट कोण तपासतं, मला माहीत नाही. मीही वर्षभरात ती नोकरी सोडली.

आता मी ठाण्याला नोकरीला जाते, काल्हेरवरून. मागच्या थंडीत एका संध्याकाळी परत येताना रस्ता ट्रकांनी तुंबला होता. माझी रिक्षा एका गोदामाच्या समोर अडकली. शिफ्ट सुटत होती. गेटच्या बाजूला, धुळीत, नाना उभे होते. खाकी नव्हतं, साधा पांढरा सदरा. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कागद. लोक बाहेर पडत होते आणि ते एकेकाचा चेहरा बघत होते.

रिक्षावाला म्हणाला, "ये बुड्ढा हर हफ्ते आता है."

बिरजू बाहेर आला. थोडा जाड झाला होता, केस पिकायला लागले होते. नानांना बघून तो थांबला. त्याला ते नवीन नसावं. नानांनी पिशवीतून कागद काढून पुढे केला. शिक्का मारलेला तो अर्जच असणार. काय बोलत होते ते इतक्या लांबून कळत नव्हतं. बोट कागदाच्या एका ओळीवर होतं. बिरजूने रस्त्याकडे तोंड करून ऐकून घेतलं. मग कागद हातात घेतला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बघितला. आणि फाडला नाही, फेकला नाही, नीट घडी करून नानांच्या हातात परत दिला. काहीतरी एकच वाक्य बोलला आणि बरोबरच्यांच्या मागून टेम्पोकडे गेला.

नानांनी उभ्याउभ्याच घडी उलगडली. ती त्यांच्या जुन्या घडीवर नव्हती. पुन्हा पहिल्यासारखी घातली, पिशवीत ठेवली, पिशवीतली हवा तळहाताने दाबून काढली.

वाहतूक सुटली. रिक्षा त्यांच्यापासून दोन हातांवरून गेली. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू आली असती. मी ओढणी पुढे घेतली आणि फोनमध्ये बघत राहिले.